वाकड्या जबड्याची चोच

मी चिमटा बोलतोय. चुलीतला नाही, गोदाघाटावरच्या साधूच्या हातातला तर नाहीच. दोरीवर कपडे धरून ठेवणारा, गुलाबी प्लॅस्टिकचा. ऐकायचं तर ऐका. मोठ्या माणसांनी नाही ऐकलं तरी चालेल, त्यांना न ऐकायची सवय आहे.

माझा जन्म सातपूरचा. तिथल्या एका शेडमध्ये मोल्डिंगचं मशीन दिवसभर चिमटे ओकायचं. एकदा साचा जरा सरकला आणि माझा एक जबडा लांब, टोकाला वाकडा निघाला. असला माल बाजूला काढायला हिरामण नावाचा माणूस बसवला होता. तो मोबाइलवर ‘यशस्वी कसं व्हावं’ ऐकत होता. मी त्याच्या नाकासमोरून पाकिटात गेलो.

मला विकत घेतलं आशाबाईंनी. त्या मूळच्या घोटीकडच्या, नवरा कंपनीत शिफ्टला. त्यांच्या गॅलरीत मी ओढण्या, चादरी, कंपनीचे निळे शर्ट धरायचो. काम एवढंच: धरायचं, सोडायचं नाही. हे साधं काम माणसांना जमत नाही, हे मला शाळेत गेल्यावर कळलं.

शाळेत मला नेलं त्यांच्या पल्लवीने. ती नववीत होती, पण दहावीचे धडे नववीतच उरकायचे अशी त्या शाळेची घाई. विज्ञानाच्या नसीम मॅडमनी सगळ्यांना घरून काहीतरी पकडायची वस्तू आणायला सांगितली होती.

“आई, एकच चिमटा नेते.”

“ने. पण माझी ओढणी उडाली ना, तर तुझ्या मॅडमलाच पाठवीन आणाया!”

वर्गात गेलो आणि मी चोच झालो. चमचा चोच, सांडशी चोच, भुवया उपटायचा बारका चिमटासुद्धा चोच. मुलं म्हणजे पक्षी. ताटात तांदूळ पसरले. शिट्टी झाली की चोचीने दाणे उचलून पेल्यात टाकायचे. पेला म्हणजे पोट. ज्याचं पोट रिकामं तो मेला, त्याने खाली बसायचं.

पहिल्या फेरीत आम्ही मेलो. तांदळाचा दाणा माझ्या वाकड्या टोकात धरताच येईना. भुवयांच्या चिमट्याने दिनेशने पेला भरला. नेमके तेव्हाच मुख्याध्यापक जयरामसर दारात येऊन उभे राहिले.

“बघा! मेहनत करील त्याचीच निसर्ग निवड करतो. बसलेल्यांनी जरा लाज बाळगा.”

“सर, मेहनत सगळ्यांनीच केली,” मॅडम म्हणाल्या. “दाणा यांच्या चोचीजोगता नव्हता. थांबा ना, आता दाणा बदलते.”

सर थांबले नाहीत. मोठी माणसं पहिल्याच फेरीत मत बनवून निघून जातात.

मग मॅडमनी दोन विटांच्या फटीत राजमा टाकला. झाडाच्या सालीखालच्या अळ्या समजा, म्हणाल्या. चमचे फटीवरच अडले. भुवयांच्या चिमट्यातून राजमा सटासट निसटला. माझा वाकडा जबडा मात्र फटीत शिरला आणि एकेक राजमा ओढून बाहेर आणत गेला. पल्लवी तीच, मी तोच. फक्त जेवण बदललं होतं.

“म्हणजे मॅडम, कालचा ढ उद्याचा पहिला?” दिनेशने विचारलं.

“रान बदललं तर, हो.”

रान बदलणार नव्हतं. त्या शाळेच्या फाटकावर बॅनर होता: ‘सलग शंभर टक्के निकाल’. हा निकाल कसा लागतो ते सांगतो. जो नापास होईलसा वाटतो, त्याला नववीतच सतरा नंबर भरायला लावतात. सतरा नंबर म्हणजे शाळेबाहेरून दहावीला बसायचा फॉर्म. मूल फाटकाबाहेर, टक्के फाटकावर.

पल्लवीचं गणित कच्चं. तिला याच शाळेतून, मैत्रिणींसोबत दहावीला बसायचं होतं. जयरामसरांनी आशाबाईंना बोलावून घेतलं आणि आवाजात साखर घालून सांगितलं, “तिच्या भल्यासाठीच म्हणतो, बाहेरून बसवा.”

“सर, वरीसभर शिकवा की तिला. नाय जमलं तर मग बघू.”

“शिकवायला वेळ कुठे असतो हो? दहावीचं वर्ष आहे!”

हे वाक्य मी सरांच्या कार्यालयाच्या भिंतीला लागून असलेल्या विज्ञानाच्या कपाटातून ऐकलं. मला परत द्यायचं मॅडम विसरल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात शाळा तपासायला साहेब येणार होते. त्यांना चोचींचा तो खेळ दाखवायचा ठरला. जयरामसरांनी निवडक पक्षी ठेवले, बाकीच्यांना सुट्टी दिली. सुट्टी म्हणजे, तोंड दाखवू नका.

साहेबांनी खेळ बघितला, मान डोलावली आणि विचारलं, “नैसर्गिक निवड म्हणजे काय?”

दिनेशने व्याख्या घडाघडा म्हटली.

“छान. पण ही निवड करतं कोण?”

दिनेश गडबडला. सवयीने बोलून गेला, “हेडसर.”

मुलं फिदीफिदी हसली. जयरामसरांचा चेहरा राजम्यासारखा झाला. तेवढ्यात दारातून आवाज आला.

“कोणीच नाही करत, सर.”

पल्लवी उभी होती. घरच्या कपड्यांत. चिमटा न्यायला आली होती, आई रोज ओरडत होती म्हणून.

“घरी आम्ही तांदूळ निवडतो म्हणतो. पण तांदळाला कोण हात लावतं? खडे निवडून फेकतो. उरतो तो तांदूळ. रानात फेकणारंही कोणी नसतं. ज्याला दाणा मिळत नाही तो जातो, उरतात त्यांना निवडलेले म्हणायचं.”

“वा! कुणाची विद्यार्थिनी?” साहेब खूश झाले.

“आमचीच!” जयरामसर पुढे झाले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. फोटो निघाला.

साहेब गेले, तसा खांद्यावरचा हातही गेला. “पल्लवी, फॉर्मचं विसरू नकोस.”

नसीम मॅडम एवढंच म्हणाल्या, “सर, आत्ताच तर ती...” सरांनी नुसतं बघितलं. मॅडमची नोकरी अजून कायम व्हायची होती. त्या गप्प बसल्या. चांगली माणसं गप्प बसतात तेव्हा मला त्यांचा जास्त राग येतो.

या सगळ्यात मला न्यायचं पल्लवीच्या राहूनच गेलं. तो फोटो कार्यालयाबाहेर सुतळी बांधून लावला. धरायला मीच सापडलो. तिकडे फाटकावर बॅनर, इकडे मी, माझ्या जबड्यात हसणारी पल्लवी. ती शाळेत होती ती एवढीच. पटावरून तिचं नाव निघालं होतं.

उन्हाळ्यात ती आशाबाईंसोबत दाखला घ्यायला आली. दाखला हातात पडला. जाता जाता तिने मला ओळखलं आणि हात वर केला.

“अगं, अगं! फोटो पडेल ना!” जयरामसर आतून ओरडले.

“पडू द्या. चिमटा आईचा आहे.”

तिने मला काढलं. फोटो पालथा पडला. उचलायला सर स्वतः वाकले. तिच्यासाठी ते वाकलेले मी तेव्हाच पाहिले.

आता मी पुन्हा गॅलरीत आहे. पण दोरीवर नाही. पल्लवी संध्याकाळी इथे गणित सोडवत बसते, वाऱ्याने पान उलटू नये म्हणून मी पुस्तक धरतो. माझी स्प्रिंग गंजायला लागली आहे, गुलाबी रंग उडाला आहे. तरी तुमच्यातल्या हेडसरांना एक विनंती. खडे म्हणून फेकायच्या आधी एकदा दाणा बदलून बघा.

नाही बघितलात तरी आमचं अडलेलं नाही. मार्चपर्यंत मी हे पान सोडणार नाही.