खिडकीचं पोस्टकार्ड

"काका, मान हलवू नका. फक्त डोळे," वृंदा म्हणाली.

विश्वनाथराव यंत्राच्या पट्टीवर हनुवटी टेकवून ताठ बसले. पुतणीला प्रयोगासाठी साठीपुढची माणसंही हवी होती, म्हणून ते मयूर विहारहून मेट्रोने तिच्या विद्यापीठात आले होते. पडद्यावरची गाडी हाकायची. खेळताना नजर कुठे जाते ते यंत्र टिपणार. तीस वर्षं सरकारी छापखान्यात प्रुफं तपासलेला माणूस, नजरेच्या परीक्षेला काय भिणार! पण गाडी तीनदा आपटली.

वृंदाने दोन कागद पुढे ठेवले. एकावर ठिपक्यांचा एकच दाट पुंजका, दुसऱ्यावर ठिपके साऱ्या पडद्याभर विखुरलेले.

"हा विखुरलेला माझा ना? म्हणूनच आपटलो."

"नाही काका, पुंजका तुमचा. तुम्ही गाडीवरून नजरच काढली नाहीत, बाजूचे ट्रक दिसलेच नाहीत. दुसरा कागद एका मुलीचा, ती पूर्ण रस्ता एकदम बघते. दोन्ही बिल्कुल नॉर्मल आहे हं. ज्याची विचार करायची जशी पद्धत, तशी नजर."

विश्वनाथराव दुसऱ्या कागदाकडे बघत राहिले. त्यांची मुलगी कुमुद लहानपणी अशीच बघायची. टीव्हीवरचा गेम खेळताना तिचे डोळे भिरभिरत, पुस्तकावरही भिरभिरत. त्यांनी गेम शेजाऱ्यांना देऊन टाकला. मग छापखान्यात प्रुफाची एकेक ओळ तपासायला कापत तशी पोस्टकार्डात ओळीएवढी खिडकी कापली आणि तिला रोज त्यातून एकेक ओळ वाचायला बसवलं. डोळा ओळीबाहेर गेला की टपली. दोन वर्षं हे चाललं. पोरीचं वाचन सुटलं ते सुटलंच. पुढे तिने आर्किटेक्चरचा फॉर्म आणला, तेव्हा "जिची नजर ठरत नाही, ती काय घरं बांधणार?" म्हणून त्यांनी सहीसुद्धा केली नाही. आता ती फरीदाबादच्या एका कारखान्यात हजेऱ्या लिहिते. जन्मभर लोकांच्या चुका काढल्या, आणि घरातली स्वतःची एवढी मोठी चूक कधी दिसली नाही. त्यांना स्वतःची लाज वाटली.

बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी फोन लावला. आज तिला सांगायचं, बाळ, तुझं काही चुकत नव्हतं.

"बाबा? सब ठीक ना? तब्येत?"

"ठीक आहे गं. एक विचारायचं होतं. लहानपणी तू तो टीव्हीवरचा गेम खेळायचीस ना, तेव्हा कुठे बघायचीस?"

पलीकडे कारखान्यातलं मशीन घरघरत होतं. कुमुद बेचाळीस वर्षांची होती, तिची मुलगी कॉलेजात जात होती.

"समोरच बघत होते, बाबा," ती घाईघाईने म्हणाली. "खरंच. इकडेतिकडे नाही."