विहिरीच्या चित्राचं पुस्तक

नंदिताच्या साखरपुड्यात विहीणबाईंनी विचारलं, "मराठी वाचता ना?" आणि राममूर्तीरावांनी मान हलवली. तंजावूरकडची ती मान! हो, नाही, बघू, फिल्टरची कापी घेता का, सगळं तिच्यात मावतं. पुण्याच्या वसुमतीबाईंनी तिचा अर्थ 'हो' असा घेतला. लग्नानंतर त्यांनी आवडीची पाच पुस्तकं पार्सलनं धाडली आणि तीन आठवड्यांनी स्वतः येतेय, असं कळवलं.

राममूर्तीराव घरात जन्मभर मराठी बोलले, पण शाळा तमिळ नि इंग्रजीतली. देवनागरीचा ग म भ न त्यांना ठाऊक नव्हता. आता लेकीच्या सासरी आपली शोभा होणार, या धास्तीनं त्यांना अन्न गोड लागेना. नंदिताला विचारावं, तर ती आता त्याच घरातली.

तिनं फोनमध्ये ऑडिओबुकांचं ॲप मात्र घालून दिलं होतं. नावं वाचता येईनात, म्हणून रावांनी मुखपृष्ठांची चित्रं जुळवायचा उद्योग मांडला. सुरीच्या चित्राची खुनाची कादंबरी त्यांनी दोन दिवसांत संपवली. मग बर्फाच्या डोंगरातला प्रवास झाला, एका मिशाळ पैलवानाचं चरित्र झालं. कबुतरांच्या जोडीची प्रेमकथा त्यांनी बायको, कामाक्षीबाई, देवळात गेल्यावर ऐकली. शेवटी विहीर. ती ऐकताना भरदुपारी त्यांच्या अंगावर काटा आला.

वसुमतीबाई आल्या. कापीचा पहिला घोट घेऊन म्हणाल्या, "विहिरीचं पुस्तक कसं वाटलं?"

"भयंकर! ती बाई पाण्यांतून वर आली, तेव्हां मी दाराला कडी घातलों."

"बाई? अहो, ते पावसाचं पाणी साठवण्यावरचं पुस्तक आहे."

कामाक्षीबाई स्वयंपाकघरात पळाल्या. रावांनी आपला पेला खाली ठेवला. किती दिवस हे सोंग ओढायचं?

"मज देवनागरी वाचायास येत नाहीं, विहीणबाई. चित्रें बघून ऐकलों. विहीर चुकली."

वसुमतीबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "अहो, आमच्या घरी ही पुस्तकं माझ्याखेरीज कुणी उघडतसुद्धा नाही. तुम्ही तीन आठवड्यांत पाच ऐकलीत! मला बोलायला माणूस मिळालं की!"

राममूर्तीरावांचा जीव भांड्यात पडला. उगाच भ्यालो, असं त्यांना वाटलं, आणि आपलंच हसू आलं. त्यांनी आतून दुसरी कापी मागवली.

"मग त्या पाण्याच्या पुस्तकांत काय आहे, वाचून दाखवतां?"

"ते राहू द्या हो." विहीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "आधी त्या बाईचं पुढे काय झालं, ते सांगा."

आणि राव सांगू लागले, आपल्या तंजावूरच्या मराठीत, मधेमधे तमिळ पेरत, एकदाही न अडखळता.