ज्याला जे दिसलं

सकाळपासून विहीरवाला आणि त्याची लेक खळ्यावर भांडत होते. हात काही थांबले नव्हते. तो फावड्यानं खडे कडेला ओढत होता, ती मागून झाडत होती, आणि दोघांची तोंडं त्याहून जोरात चालली होती.

"बोलणार नाही, गाणार नाही. मग लोकांनी बघायचं काय?"

"अंगं बघायची, बाबा. अंगालाही बोलता येतं."

"गोष्ट कशाची आहे ते तरी सांग."

"कशाचीच नाही. ज्याला जे दिसेल ते."

"म्हणजे तुलाही ठाऊक नाही," तो म्हणाला आणि फावडं आपटून पाणी प्यायला गेला.

लेक शहरात असल्या खेळांच्या मंडळीत होती. नऊ पोरंपोरी. गावात खेळ करायचा हट्ट तिचाच. लोक पोरीला हसतील याची त्याला धास्ती होती. तसा गावात त्याला मान होता. त्यानं खोदलेल्या विहिरींचं पाणी अर्धा गाव पीत होता. पण अकरा वर्षांपूर्वी उतारावरच्या विहिरीची कड ढासळली, आत उतरलेला थोरला भाऊ मातीखाली गेला, आणि त्यानंतर हा पुन्हा कधी विहिरीत उतरला नाही. नाव तेवढं चिकटून राहिलं. थोरल्याची बायको शेजारच्या दोन खोल्यांत राहायची. तिचं रान हाच कसायचा. लेकीला तिनं पोटच्या पोरीसारखं वाढवलं होतं. लेक तिला थोरली आई म्हणायची.

उन्हं कलली तशी माणसं जमली. थोरली आई पुढंच बसली. विहीरवाला मागं, बाभळीला टेकून उभा राहिला.

खेळ सुरू झाला तो कळलाच नाही. राखाडी कपड्यातली नऊ जणं अनवाणी चालत आली आणि नुसतीच चालत राहिली. मग एक पडलं. त्याला उचलायला गेलेलं पडलं. पुन्हा उठली, पुन्हा चालली. श्वास मात्र सगळ्यांचा एकदम आत, एकदम बाहेर.

"पायात काटा मोडलाय वाटतं," चक्कीवाला म्हणाला. माणसं खदखदली. विहीरवाल्याचे कान तापले.

मग ती नऊ जणं एकमेकांवर कोसळायला लागली. एकावर एक, हळूहळू, पोती रचावीत तशी. त्याची लेक सगळ्यात खाली गेली. तिचा एक हात तेवढा बाहेर राहिला. त्या हातानं ती जमिनीवर थाप मारायला लागली. थप. थप. थोडं थांबून पुन्हा थप.

वरची आठ जणं निश्चल पडून होती.

हसणं विरलं. कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं, तर बाईनं त्याचं तोंड पदराखाली घेतलं. विहीरवाल्यानं बाभळीचा टेका सोडला. त्याला वाटलं, पोरीला कुणी सांगितलं? पण सांगणार कोण? हे त्याच्यावाचून कुणालाच ठाऊक नव्हतं. थाप हळूहळू मंद झाली, मग थांबली. ढीग सुटा झाला. खेळ संपला.

टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणाला कळेना. लेक घाम पुसत खाली बसली आणि म्हणाली, "काय दिसलं ते सांगा. चूक काहीच नाही."

"गारपिटीत मेंढरं अशीच एकावर एक चढतात," मेंढपाळ म्हणाला. "खालची गुदमरून मरतात."

"मला तर अडलेली बाई दिसली," सुईण म्हणाली.

"मला पोती दिसली, दुसरं काय दिसणार," चक्कीवाला म्हणाला, पण त्याच्या आवाजात आता थट्टा नव्हती.

थोरली आई उशिरा बोलली. "पोरी, तू खालून ठोकत होतीस. वरच्यांना ते ऐकू येत होतं का?"

"येत होतं, थोरली आई. अंगाला अंग लागलेलं असतं."

"असं." तिनं मान वळवून मागं बघितलं. "तुम्हाला काय दिसलं, भावजी?"

विहीरवाल्यानं सांगायचं नाही असं ठरवलं होतं. अकरा वर्षं ते निभलंही होतं. पण त्याच्या तोंडून निघून गेलं.

"ऐकू आलं होतं, वहिनी."

"काय?"

"दादा ठोकत होता. दगडावर दगड. फावडी थांबवून मातीला कान मीच लावला होता. मी म्हणालो, आतून काही आवाज नाही, वर चला. सहा जण आत उतरून माती उपसत होते. दुसरी कड तडकली होती. आवाज येतोय म्हणालो असतो, तर एकही वर आला नसता."

त्या सहांतला एक चक्कीवाला होता. तो उभा राहिला, परत बसला.

"किती वेळ ठोकत होते ते?" तिनं विचारलं. आवाज अगदी सपाट.

"दिवेलागणीपर्यंत. सगळे गेल्यावर मी काठावर पालथा पडलो. मीही दगड घेतला आणि वरून ठोकत राहिलो. तो दोनदा ठोकायचा, मी दोनदा. मी आहे, एवढं त्याला कळावं म्हणून. मग तिकडून यायचं थांबलं."

थोरली आई उठली, लुगडं झटकलं आणि घराकडे चालू लागली. माणसांनी सरकून तिला वाट दिली.

त्या दिवसापासून तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं. सहा जणांपैकी दोघं येऊन विहीरवाल्याच्या पाया पडले. एकानं त्याच्या बांधावरनं जाणं सोडलं. चक्कीवाला रोज यायचा, ओट्यावर बसायचा, उठून जायचा.

पाचव्या दिवशी लेक जायला निघाली. थोरल्या आईच्या उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "मला ठाऊक नव्हतं गं. ते थापा मारणं आम्ही खेळातून काढून टाकतो."

विहीरवाला अंगणात तिची पिशवी धरून उभा होता. थोरल्या आईनं त्याच्याकडे बघितलं नाही. सुपातलं धान्य निवडता निवडता ती म्हणाली, "अकरा वर्षं मला वाटायचं, ते एकटेच गेले. आधी सांगितलं असतं तर मी निदान झोपले तरी असते."

मग तिनं सूप खाली ठेवलं.

"काढू नको. फक्त वरच्यांतल्या एकाला तरी उलट ठोकायला लाव."