हेल्मेटमधला कापूस

"हा कापूस कुणी भरला?"

हेल्मेट बनवणाऱ्या बाईंनी बाळाच्या डोक्यावरचं इवलंसं हेल्मेट काढून उलटं धरलं होतं. आतलं अस्तर उसवून त्या पांढराशुभ्र कापूस बाहेर ओढत होत्या.

"मीच भरला," बाळाची आई पटकन म्हणाली.

"खोटं कशाला बोलतेस गं?" तिचे वडील म्हणाले. "मी भरला, बाई. पोराला टोचू नये म्हणून."

आजोबांचा उभा जन्म गाद्या भरण्यात गेला होता. खळगा दिसला की भरायचा, एवढंच त्यांना ठाऊक. नातवाच्या कवटीतली फट वेळेआधीच जुळली, डोकं लांबट वाढायला लागलं, तेव्हा ते लाडाने त्याला लंबूशेठ म्हणू लागले. मग डॉक्टरांनी दोन लहानशा चिरा देऊन, बारीक दुर्बिणीतून बघत, जुळलेल्या हाडाची पट्टी काढली. पोरगं दोन दिवसांत हसत घरी आलं. आता हेल्मेट तेवढं रात्रंदिवस घालायचं, अंघोळीपुरतं काढायचं. ते पुढेमागे नीट बसत होतं, पण दोन्ही बाजूंना सैल. बाईंचं माप चुकलं, पण चारचौघांत बोलायचं कशाला, असं म्हणून आजोबांनी दुकानातला सगळ्यात मऊ कापूस निवडला होता.

"आजोबा, ती जागा मी मुद्दाम ठेवली होती," बाई म्हणाल्या. "डोकं तिथेच वाढायचं होतं. तुम्ही वाटच बुजवलीत."

डॉक्टरांनी महिन्याची मुदत दिली. तोवर डोकं बाजूंनी भरलं नाही, तर मोठं ऑपरेशन. या कानापासून त्या कानापर्यंत.

तो महिना आजोबांनी झोपेत चालल्यासारखा काढला. दुकानात कापसाचे तंतू उन्हात तरंगायचे आणि त्यांना वाटायचं, आपणही त्यातच कुठेतरी तरंगतोय. गिऱ्हाइकाचं बोलणं लांबून ऐकू यायचं. नातवाला ते हात लावेनात. मायेने लावलेला हातच नडला होता, त्या हाताची त्यांना भीती वाटत होती.

एका दुपारी ते घरी आले, तर मुलीने पोराला त्यांच्याच गादीवर निजवलं होतं, डाव्या बाजूला, आजीच्या अंगाने पडलेल्या खळग्यात. साऱ्या गावाच्या गाद्या भरणाऱ्या या माणसाने बायको गेल्यापासून तेवढा खळगा भरला नव्हता.

"इथे गुपचूप झोपतो बघा," मुलगी म्हणाली. "बसा ना जवळ. मी नाही रागावले, बाबा."

"रागावली असतीस तर बरं झालं असतं गं."

ते काठावर टेकले. पोराच्या संथ श्वासाबरोबर त्यांचेही डोळे जड झाले. अर्धवट झोपेत वाटलं, बायको कूस बदलून म्हणतेय, "सरका थोडं. पोराला ऐसपैस होऊ दे." ते खरंच थोडे सरकले.

महिना भरला. बाईंनी टेपने माप घेतलं, पुन्हा घेतलं, मग हेल्मेट परत चढवून डॉक्टरांशी हळू आवाजात बोलत राहिल्या. आजोबा भिंतीकडे बघत होते.

"आजोबा, इकडे या. कानाच्या वर, इथे हेल्मेटच्या आत बोट घालून बघा."

"नको बाई. माझं बोट नको."

"घाला हो!"

त्यांनी घाबरत बोट पुढे केलं. ते आत शिरेना. हेल्मेटच्या कडेला पोराचं उबदार डोकं येऊन टेकलं होतं.

"मोठं ऑपरेशन टळलं," बाई म्हणाल्या. "हे लहान पडलं आता. नवं करायला घेते."

मुलगी रडता रडता हसत होती. आजोबा टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले आणि दुसऱ्या कानाच्या वरही हळूच बोट लावून पाहिलं.