कूलरची जागा

नागपुरात मनीषनगरच्या पुढे, डांबर संपतं तिथं, करुणा आणि तिचा नवरा धम्मानंद भंगारातून उचललेल्या एका स्कूलबसमध्ये राहत होते. बाजूलाच धम्मानंद स्वतःच्या हातानं मातीचं इवलंसं घर बांधत होता. त्या घरात वीज छतावरच्या सोलरची, पाणी पावसाचं साठवलेलं, पलंग भिंतीत घडी होणारा. ड्रायव्हरच्या सीटमागे पोळ्या लाटत करुणानं अख्खा हिवाळा या घरावरचं त्याचं प्रवचन ऐकलं.

घर पूर्ण झालं ते नेमकं मे महिन्यात. आत पाऊल टाकताच तिनं विचारलं, "कूलर कुठं लावता जी?"

"मातीच्या भिंती हायेत वं. कूलर कायले पाहिजे?"

खिडक्या त्यानं डब्याच्या झाकणाएवढ्या ठेवल्या होत्या. नागपुरात जन्म काढलेल्या माणसानं घराचा नकाशा काढताना कूलर विसरावा? त्यापेक्षा बायकोचं नाव विसरला असता तरी तिनं माफ केलं असतं. तिनं माहेरचा दांडगा कूलर टेम्पोनं मागवला आणि सोलरची वायर बसकडे ओढली. बसच्या मागच्या दारात तो असा बसला, जणू बस त्याच्यासाठीच बनली होती.

धम्मानंद हट्टानं घरातच निजला. दुपार तापली तसा डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन बसच्या पायरीशी आला. "जरा सरक वं."

"या. चपला बाहेर." कूलरसमोरून तसूभरही न हलता करुणा म्हणाली, "अन् उद्या पोतंभर कांदे आणजा, त्या घरात ठेवू. मातीच्या भिंती हायेत, चांगले टिकतीन."