व्यवसाय: घरकाम

राजमतीनं गठ्ठा सोडला आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. फौजींच्या बायकांचे एकेचाळीस फॉर्म. प्रत्येकावर 'व्यवसाय' या रकान्यात तिनं लिहिलेलं 'शेती' लाल शाईनं खोडून 'घरकाम, पती सैनिक' केलेलं.

सत्त्याहत्तरच्या निवडणुकीत कोणत्या व्यवसायाच्या माणसांनी कुणाला मत दिलं, याची पाहणी सांगलीतले एक प्राध्यापक करत होते. त्यांच्याकडे नोकरीला असलेली राजमती त्यासाठी महिनाभर शिराळ्याच्या वस्त्यांवर उन्हातान्हात फिरली होती.

वरचाच फॉर्म बनुबाईंचा. तीन एकर त्या एकट्या कसायच्या. राजमतीशी बोलल्या त्याही मोटेचे बैल हाकताना. "मालकाचं पत्र आलं हुतं, सरकारलाच मत दे म्हनून. म्या न्हाई दिलं. गेल्या साली नसबंदीला माज्या दिराला मळ्यातनं उचलून न्हेला, त्ये इसरू व्हय?"

"सर, हे का खोडलंत?" तिनं प्राध्यापकांना विचारलं.

"बायकांचा व्यवसाय नवऱ्यावरून धरायचा असतो." सर खुशीत होते. "बघ ना, सैनिकांची मतं सरकारच्या विरोधात! केवढा मोठा निष्कर्ष!"

"सैनिकांना विचारलंय कुणी? ही मतं त्यांच्या बायकांची आहेत."

"बाई काय नवऱ्याच्या शब्दाबाहेर मत देते? तू फक्त आकडे मांड."

राजमतीनं आकडे मांडले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं तिनं शिराळा गाठलं. ऐकून बनुबाईंनी हातातलं खुरपं बांधावर आपटलं. "चल. बघू दे मला त्यो मास्तर."

सांगलीत सर त्यांना खुर्ची द्यायलाही उठले नाहीत. "बाई, तुम्हाला यातलं कळायचं नाही."

"मत म्या दिलं, आन् त्ये तुमी मालकाच्या नावावर चढवलं? त्यो तर उलटंच सांगत हुता! दोन वर्सं रानात पाय न्हाई त्येचा. रान कोन कसतंय मग, तुमी?"

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी बनुबाईंचा फॉर्म बाजूला काढला. "ठीक आहे. हा एक बाद."

"बाद?" राजमतीचा आवाज चिरकला. "दुरुस्त नाही, बाद? आणि बाकीच्या चाळीसजणी?"



तिनं एकेचाळीसही फॉर्म उचलून काखेत मारले.

"अगं, पाहणी बुडेल माझी!"

"बुडू दे."

दोघी स्टँडवर पोचल्या. राजमतीची नोकरी गेली होती, राग मात्र तसूभर कमी झाला नव्हता. शेजारी बनुबाई अजून तणतणत होत्या, "घरकाम म्हनं!"