घोट्यावरची चार बोटं

मी पावसाळी जॅकेटची जाहिरात बोलतेय. एका गुळगुळीत मासिकाचं चव्वेचाळिसावं पान. मला माझीच शिसारी येते, आणि ती का, हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

छापखान्यातून निघाले तेव्हा मात्र मी भारी तोऱ्यात होते. माझ्यावर हिरवागार डोंगर, धुकं, पाऊस, आणि एका उंच बांधाच्या टोकावर केशरी जॅकेट घालून उभी असलेली तरुणी. दोन्ही हात पसरलेले, एक पाय हवेत, नजर आभाळाकडे. खाली ठळक अक्षरं: ‘जिथे कुणी नाही, तिथे तुम्ही.’ याहून सुंदर आणि खरं जगात काही नसेल, असं मला वाटायचं.

पहिलं वर्ष डहाणूच्या एका दातांच्या दवाखान्यात गेलं. गाल धरून बसलेली माणसं मला उलटत. कुणी बोटाला थुंकी लावून पुढे जाई, कुणी माझ्यावर कोपर टेकून जांभई देई. माणसं जाहिरात पाहत नाहीत, तिच्यावरून नुसते डोळे पुसून घेतात.

मग मनिष सरांची दाढ दुखायला लागली. ते कासा गावाजवळच्या एका कॉलेजात मराठी शिकवायचे. डॉक्टरांना विचारून त्यांनी मासिक नेलं, ब्लेडने मला कापलं आणि वर्गात फळ्यावर चिकटवलं.

“आज कविता नाही,” ते म्हणाले. “आज हे वाचायचं. आवडलं-नावडलं नको. दिसतं तेवढंच सांगा.”

हिरू नावाचा मुलगा म्हणाला, “सर, एवढा पाऊस पडतोय, पण बाईचे केस कोरडे आहेत.”

वर्ग हसला. मला ते लागलं. तोवर रखमी उठली. “कुणी नाही असं लिहिलंय. मग बांध कुणी घातला? बांध काय आपोआप उगवतो?”

मग संगिता पुढे आली. ती पार फळ्याला नाक लावून उभी राहिली. वर्षभरात मला इतक्या जवळून कुणी पाहिलं नव्हतं.

“सर, हे गवत खोटं आहे,” ती म्हणाली. “हा पुंजका बघा, आणि हा शेजारचा. दोन्हींत तेच पातं मोडलंय. एकच तुकडा दोनदा लावलाय.”

“कशाला लावला असेल?”

“काहीतरी झाकायला.” तिचं बोट बाईच्या बुटावर आलं. “आणि बूट नवाकोरा आहे, पण घोट्यावर चिखल आहे. चार बोटं उमटलीत.” मग ती हळू आवाजात म्हणाली, “मी हे पान घरी नेऊ का? हा बांध आमचा वाटतोय.”

संगिताची आई नवशी ओट्यावर नागली पाखडत बसली होती. तिने मला पाहिलं आणि सूप बाजूला ठेवलं.

“हीच ती बाय,” ती म्हणाली. “दोन वर्षं झाली. भाताची आवणी संपली होती, मी गवताला गेले होते. ही माणसं गाडीने आली. ही बाय बांधावर चढली की घसरे. चढे, घसरे. रडकुंडीला आली बिचारी. मग त्यातला एक म्हणाला, मावशी, जरा पाय धरा तिचा, नाहीतर पडेल. मी खाली बसले, धरला.”

“इरलं होतं ना डोक्यावर?”

“ते काढायला लावलं. फोटोत येतं म्हणाले.”

नवशीने दोन्ही हातांनी घोटा धरला होता. तासभर ती चिखलात बसून होती, उघड्या पाठीवर पाऊस घेत. वर ती बाई हात पसरून हसत होती. नंतर नवशी आठ दिवस तापाने पडली.

मला काहीच माहीत नव्हतं. ज्या गवताचा मला अभिमान होता, त्याच्याखाली एक जिवंत बाई पुसून टाकलेली होती. आणि मी वर्षभर दात दाखवत ओरडत होते, कुणी नाही, कुणी नाही. माझ्याच शाईचा वास मला नकोसा झाला.

“मी उद्या वर्गात सांगते,” संगिता रागाने म्हणाली.

“नको,” नवशी म्हणाली. “लोक म्हणतील, नवशी शहरातल्या बाईच्या पाया पडली.”

संगिताने मला वहीत दुमडून कॉलेजात परत नेलं. “आई नको म्हणते,” एवढंच तिने सरांना सांगितलं. सर म्हणाले, “मग नाही बोलायचं.” त्यांनी मला कपाटात ठेवलं.

पुढच्या आठवड्यात नवशी कासाच्या बाजाराला आली होती. कोथिंबिरीची जुडी हातात तशीच घेऊन ती वर्गाच्या दारात उभी राहिली. सरांनी खुर्ची दिली. ती बसली नाही. तिने मला बाहेर काढायला लावलं.

“मी पाया पडत नव्हते,” ती पोरांना म्हणाली. “ती पडत होती, म्हणून धरली. पडणाऱ्याला धरतात. त्याचं मला काही वाटत नाही. पण धरून झाल्यावर मला पुसली का, ते त्यांना विचारा.”

मुलांनी विचारलं. सगळ्यांनी मिळून कंपनीला पत्र लिहिलं, आईची परवानगी घेऊन संगिताने खाली तिचं नाव घातलं. दीड महिन्याने जाड पाकीट आलं. आत एक छापील ओळ, ‘आपल्या प्रतिसादाबद्दल आभार’, आणि नव्या जॅकेटांचं रंगीत पुस्तक. संगिताने ते उघडलंही नाही. दोन बोटांच्या चिमटीत धरून, मेलेला उंदीर उचलावा तसं, तिने ते कचऱ्याच्या टोपलीत टाकलं.

मला मात्र तिने टाकलं नाही. त्या खोट्या गवतावर पेन दाबून तिने लिहिलं, ‘इथे माझी आई बसली आहे. नवशी.’ आता दर वर्षी नव्या मुलांसमोर सर मला फळ्यावर लावतात. माझ्या घड्या फाटायला आल्या आहेत.

माझी हजारो भावंडं अजून कुठल्या कुठल्या दवाखान्यांत, सलूनांत, हॉटेलांत पालथी पडली असतील. छाती फुगवून तेच खोटं बोलत असतील. त्यातलं एखादं हाती आलं तर पान उलटू नका. त्याला नवशीचं नाव सांगा. त्या बिचाऱ्यांना ते अजून कुणीच सांगितलेलं नाही.